बोर्डिंगातला तह

पोपचाही राजदूत असतो असं सांगितलं, की आमच्याकडची माणसं आधी माझा झगा वरखाली पाहतात. मग एकच प्रश्न येतो, "म्हणजे काम काय करता?" सेलूच्या बाजारातल्या एका किराणा दुकानदाराने त्याचं उत्तर परस्पर शोधून काढलं होतं. मी दुकानासमोरून गेलो की तो गिऱ्हाइकाला हळूच सांगायचा, "हे पोपचे कलेक्टर हायेत. बाहेरच्या देशात पोस्टिंग असते त्यायची." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. इतक्या थोड्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं.

तरी सांगायचा प्रयत्न करतो. ज्या देशांशी रोमचे संबंध आहेत, त्यांच्या राजधानीत आमची वकिलात असते. तिथला प्रमुख हा पदाने आर्चबिशप आणि कामाने राजदूत. त्याला नन्सिओ म्हणतात. त्याची दोन कामं. एक, तिथल्या सरकारशी बोलणं. दुसरं, त्या देशातल्या चर्चची खबरबात ठेवणं आणि नवा बिशप नेमायचा असेल तर कोण योग्य याची गुपचूप चौकशी करून रोमला कळवणं. बाकीच्या राजदूतांमागे सैन्य असतं, व्यापार असतो, मदतीची आश्वासनं असतात. आमच्यामागे यातलं काही नसतं. त्यामुळे गंमत अशी होते, की ज्यांना कोणाशीच बोलता येत नाही ते आमच्याकडे येतात.

येणारे नमुनेही एकेक असत. एका देशात एक मंत्री निवडणुकीच्या तोंडावर आला आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याला धर्मबहिष्कृत करा म्हणून बसला. मी म्हटलं, असं करता येत नाही. तो म्हणाला, "कायमचं नको. मतदानापुरतं करा." दुसऱ्या एका देशात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी चहाला येत आणि नवऱ्याची भाषणं किती लांबतात याची तक्रार करत. मी फक्त ऐकायचो. पुढे त्या देशात तुरुंगातल्या काही माणसांची सुटका त्या बाईंच्या एका शब्दावर झाली. आमच्या धंद्यात चहा कधी वाया जात नाही.

या कामाचे नियम कुठे छापलेले नसतात, पण पहिल्या वरिष्ठाने मला दोन सांगितले होते. खोटं बोलायचं नाही, आणि कळलेलं सगळं बोलायचं नाही. तरुण होतो तेव्हा वाटलं, यात अवघड ते काय. देशांची नावं मी इथेही सांगणार नाही. काही सवयी निवृत्तीनंतरही सुटत नाहीत.

माझं मूळ गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजूचं. वडील मिशनच्या शेतीकडे पाहत. मिशनच्याच शाळेत शिकलो, नागपूरला धर्मगुरू घडवणाऱ्या गुरुविद्यालयात गेलो, भाषा चटकन येतात म्हणून कोणीतरी रोमला पाठवलं, आणि तिथून पुढचं आयुष्य ट्रंकेत गेलं. घरी राहिली ती धाकटी बहीण, मार्था. ती नर्स झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मिशनचा दवाखाना, त्याच्या बाजूला तिची दोन खोल्यांची क्वार्टर, समोर मुलांचं बोर्डिंग, एवढं तिचं जग. आई गेली तेव्हा मी विमानातच होतो, वडील गेले तेव्हा तर तारच मला उशिरा मिळाली. दोघांनाही माती दिली ती मार्थाने. मी दर काही वर्षांनी रजेवर यायचो, आणि गावातली माणसं मला पाहुण्यासारखी खुर्ची द्यायची.

मला जे सांगायचं आहे ते सत्तरचं दशक संपता संपता घडलं. मी तेव्हा एका डोंगराळ, थंड हवेच्या देशात नन्सिओ होतो. त्या देशाच्या उत्तरेला एक मोठं खोरं होतं. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, आणि सरकारशी त्यांचं जुनं वैर. वैराचं युद्ध झालं. सैन्याने खोऱ्यात जाणारा एकमेव रस्ता बंद केला. धान्य नाही, मीठ नाही, औषध नाही. तिथले बिशप डोंगर ओलांडून पायी माझ्याकडे आले. खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "आता लहान मुलांच्या शवपेट्या करायलाही लाकूड उरलं नाही."

मी दोन्ही बाजूंना निरोप पाठवू लागलो. पुष्कळ महिन्यांनी दोघेही एकेक माणूस बोलणीसाठी पाठवायला तयार झाले. पण कुठे? शेजारच्या कुठल्याही देशावर दोघांचा विश्वास नव्हता. युरोपात गेलो की वर्तमानपत्रवाले हुंगत येणार. सरकारच्या बाजूने येणार होता तो एक निवृत्त कर्नल, उंच, ताठ, कमी बोलणारा. त्याने मला विचारलं, "महामहिम, तुम्ही रजेवर जाणार आहात ना? तुमच्या गावात काय आहे?"

"मे महिन्यात फक्त ऊन," मी म्हणालो.

"मग तिथे कोणी येणार नाही," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. शिवाय वर्ध्याला एक सोय होती. सेवाग्राम पाहायला देशोदेशीचे लोक येत, त्यामुळे स्टेशनवर गोरा माणूस उतरला तर टांगेवाल्याशिवाय कोणी मान वळवत नसे. दिल्लीतल्या आमच्या वकिलातीच्या कानावर मी एवढंच घातलं, की दोन परिचित पाहुणे माझ्यासोबत काही दिवस राहतील. त्यांनीही पुढे विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बोर्डिंग रिकामं होतं. फादर रजेवर, स्वयंपाकी गावाला. मी मार्थाला सांगितलं, "दोन पाव्हने येनार हायेत. तुलेच रांधा लागन. अन् ते एकमेकायशी बोलत नाईत."

"भाऊबंद हायेत काय?"

"तसंच समज."

"कायचं भांडन हाय? शेताचं?"

"एका रस्त्याचं."

"रस्त्याचं मिटते," ती म्हणाली. "बांधाचं असतं तर मी म्हटलं असतं, येऊच नको देऊ."

कर्नल दिल्लीकडून आला, दुसरा माणूस मुंबईकडून. दोघांनाही मी मिशनच्या जीपमधून वेगवेगळं आणलं. तो दुसरा माणूस बुटका, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा लावणारा होता. युद्धाआधी तो खोऱ्यातल्या शाळेत भूमिती शिकवायचा. हे मी मार्थाला सांगितलं आणि त्या दिवसापासून तो 'मास्तर' झाला. त्याचं नाव मी तिला सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. दोघे एका टेबलाशी बसायला तयार नव्हते. कर्नल वरच्या अंगाच्या खोलीत, मास्तर खालच्या अंगाच्या, आणि मधल्या व्हरांड्यातून मी पांढरा झगा सावरत इकडून तिकडे. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या कानावर घालायचं, पण त्यातलं विष काढून. हे आमच्या धंद्यातलं खरं कौशल्य. "त्या खुन्यांना सांगा" हे दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत "आपल्या पक्षाला" झालेलं असलं पाहिजे, आणि तरी आशय तसूभर बदलता कामा नये. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले होते, मार्था त्यांच्यावर पाणी मारत राहायची. तरीही दुपारी खोल्या भट्टीसारख्या व्हायच्या. थंड देशातली ती माणसं. कर्नल अंगातला कोट काढत नसे. मास्तर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा.

एके सकाळी सेलूच्या ठाण्यातून हवालदार आला. परदेशी माणसं राहिली की पोलिसांना कळवावं लागतं, आणि ते कागद मी वर्ध्याला रीतसर दिले होते. पण हवालदाराला स्वतः पाहून खात्री करायची होती. मी आत होतो. व्हरांड्यात मार्था तांदूळ निवडत बसली होती. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"बाई, हे पाव्हने कोन व्हय?"

"एक जन मास्तर हाय. दुसरा मिलिटरीतला."

"मिलिटरीतला?"

"चादरीची घडी पाह्य त्याची. सुरीनं कापल्यासारखी. दोघायचं पटत नाई. दादा समजावून राह्यला त्यायले."

हवालदार हसला, माठातलं पाणी प्यायला आणि सायकल घेऊन गेला. ज्या बैठकीची बातमी लागू नये म्हणून मी वर्षभर तोंड शिवून बसलो होतो, ती माझ्या बहिणीने पोलिसांना तांदूळ निवडता निवडता सांगितली होती. काही बिघडलं नाही. खरं इतकं साधं होतं, की त्याच्यावर कोणाला संशय आला नाही.

मास्तर आणि मार्था यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांचं काही अडत नव्हतं. ती वऱ्हाडीत बोलायची, तो त्याच्या भाषेत. एकदा तो पाटीवर खडूने त्रिकोण काढून तिला काहीतरी समजावत होता आणि ती मान हलवून म्हणत होती, "हो, हो. माह्या चुलीचे तीन दगड हायेत, तसंच ना?" ती त्याच्यासाठी भाजीत तिखट कमी टाकू लागली. कर्नलसाठी नाही. तो काही बोलत नसे, म्हणून तिला वाटलं त्याला चालतं. बिचारा घाम पुसत जेवायचा.

बोलणी तुटायच्या बेतात आली, त्याच दिवशी दुपारी मास्तर व्हरांड्यात कोसळला. अंग तापलेलं, डोळे पांढरे, बोलणं बरळल्यासारखं. मार्था धावत आली, त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "ऊन लागलं याले. उचला."

मी एकटा. हाक मारायच्या आत कर्नल आपल्या खोलीतून बाहेर आला होता. आम्ही दोघांनी मास्तरला खाटेवर नेलं. मार्थाने त्याचे कपडे सैल केले, ओली चादर गुंडाळली, तळपायाला कांद्याचा रस चोळला आणि दवाखान्यातून सलाईनची बाटली आणली. बाटली टांगायला स्टँड नव्हता, भिंतीला खिळा नव्हता. तिने ती बाटली कर्नलच्या हातात दिली.

"उचलून धर. खाली नको आनू."

मला भाषांतर करावं लागलं नाही. कर्नलने बाटली डोक्यावर धरली आणि उभा राहिला. मी घेतो म्हटलं तर मानेनेच नाही म्हणाला. बाटली संपेपर्यंत तो हललाही नाही. हात भरून आला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला, एवढंच. सूर्य कलल्यावर मास्तरला शुद्ध आली. त्याने डोळे उघडले, वर बाटली धरून उभा असलेला माणूस पाहिला आणि आपल्या भाषेत एक वाक्य बोलला. कर्नल प्रथमच हसला. मी विचारलं, काय म्हणाला? कर्नल म्हणाला, "म्हणतोय, सरकारने खोऱ्यात पाठवलेलं हे पहिलं औषध."

दुसऱ्या दिवसापासून दोघे एका टेबलाशी बसले. मार्थाने मध्ये कैरीच्या पन्ह्याचा तांब्या ठेवला. मास्तर अशक्त होता, म्हणून कर्नल हळू बोलायचा. हळू बोलणाऱ्या माणसाला कठोर शब्द वापरता येत नाहीत, हे मी तिथे शिकलो. आठवडा संपायच्या आत मसुदा तयार झाला. रस्ता उघडायचा. पहिल्यांदा धान्य आणि औषधं, मग दोन्हीकडचे कैदी. आणि मास्तरने राजधानीत येऊन सगळ्यांसमोर सही करायची.

हा शेवटचा मुद्दा अडला. मास्तरने एका दिवसाची मुदत मागितली. सकाळी उन्हं चढायच्या आत तो मला घेऊन मिशनच्या शेताकडे गेला. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, काळी जमीन भेगाळलेली, दूरवर बोर धरणाच्या बाजूचे डोंगर धुरकट. तो म्हणाला, "मी राजधानीत गेलो तर परत येईन का?"

मी म्हणालो, "सरकारने तुमच्या सुरक्षिततेचा शब्द दिला आहे. तो मी तुम्हाला जसाच्या तसा कळवला आहे."

"ते राजदूताचं उत्तर झालं. मी तुम्हाला विचारतोय."

मी एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. मग म्हणालो, "कर्नल खोटं बोलत नाही, असं मला वाटतं."

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "पण कर्नल म्हणजे सरकार नव्हे." मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "तरी जाईन. मी गेलो नाही तर रस्ता उघडणार नाही. माझ्या वर्गातली मुलं त्या रस्त्याच्या पलीकडे आहेत."

तो मला विचारत नव्हताच, असं आता वाटतं. त्याने आधीच ठरवलं होतं. फक्त ते कोणासमोर तरी मोठ्याने म्हणायचं होतं. हाही आमच्या धंद्याचा एक भाग. माणसं ठरवून येतात आणि आमच्यासमोर ते बोलून जातात.

निघताना मार्थाने दोघांनाही लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. कर्नलने कमरेत वाकून नमस्कार केला. मास्तरने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"येजो मास्तर," ती म्हणाली. "हिवाळ्यात येजो. मंग तुले माह्या हातचा हुरडा खाऊ घालतो. कर्नलले बी आनजो."

रस्ता उघडला. हे मी अभिमानाने सांगतो, कारण पुढचं सांगताना तो अभिमान हाताशी लागतो. मी स्वतः पहिल्या ट्रकांबरोबर त्या खोऱ्यात गेलो. मिठाची पोती उतरवताना बायका चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून रडत होत्या. मास्तर राजधानीत आला, सही झाली, फोटो निघाले. बिशपांनी मला मिठी मारली. रोमहून शाबासकी आली.

काही आठवड्यांनी सैन्यातल्या एका गटाने सरकार उलथवलं. नव्या लोकांनी रस्ता लगेच बंद केला नाही, तेवढी लाज त्यांना होती. पण मास्तर ज्या घरात राहत होता तिथे एका सकाळी गाडी आली आणि तो तिच्यात बसून गेला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

मी मंत्रालयात जाऊ लागलो. आज अमुक मंत्र्याकडे, उद्या तमुक सचिवाकडे. प्रत्येक जण उठून उभा राहायचा, रिवाजाप्रमाणे माझ्या आर्चबिशपच्या अंगठीचं चुंबन घ्यायचा, कॉफी मागवायचा आणि सांगायचा, "चौकशी चालू आहे, महामहिम." मी निषेधाचे खलिते दिले, शेजारच्या राजदूतांना भेटलो, रोमला कळवलं. शेवटी एका रविवारी मिस्सेची उपासना झाल्यावर कर्नल चर्चच्या बाजूच्या दाराने आत आला. तो खूप वाळला होता. नव्या सरकारने त्यालाही नजरकैदेत ठेवलं होतं, ती नुकतीच सैल झाली होती.

"मास्तर जिवंत नाही," तो म्हणाला. "गाडीत बसला त्याच दिवशी."

"कुठे पुरलं?"

"ते सांगायला कोणी तयार नाही." मग म्हणाला, "तुम्हाला हे मी सांगितलं हे कळलं, तर माझं घर संपेल. आणि खोऱ्यातले अजून न सुटलेले कैदीही. मी जिवंत आहे तोवर कोणालाही सांगू नका."

मी शब्द दिला. रोमला मात्र कळवणं भाग होतं. रोमने लिहिलं, बाकीच्या कैद्यांची सुटका होईपर्यंत जाहीर काही बोलू नये. ते योग्यच होतं. गप्प राहून, दार ठोठावत राहून, पुढच्या दोनेक वर्षांत त्यातले बहुतेक सुटले. त्यांच्यात मास्तरचे विद्यार्थी होते. माझ्या कामाचं यश म्हणून कोणी विचारलं तर मी तेच सांगतो, आणि ते सांगताना माझा आवाज नेहमी जरा खाली येतो.

त्यानंतरच्या पहिल्या रजेवर मी घरी आलो. ट्रंक ठेवायच्या आत मार्थाने विचारलं, "मास्तर बरा हाय ना?"

खोटं बोलायचं नाही, आणि कळलेलं सगळं बोलायचं नाही. मी म्हणालो, "त्याच्याकडून काही खबर नाई, मार्था. तिकडचं राज्य बदललं."

"मंग येनं झालं नसन त्याले," ती म्हणाली.

माझी बदली झाली, दुसरा देश, मग तिसरा. दर रजेला ती विचारायची. कधी येताक्षणी, कधी जेवताना, कधी मी निघताना. मी दर वेळी असं उत्तर द्यायचो ज्यात एकही शब्द खोटा नसे. "आता मी त्या देशात नाई राहत." "तिकडून कोनी येत नाई." आयुष्यभर मंत्र्यांसमोर जी कला वापरली ती मी स्वयंपाकघरात पाटावर बसून बहिणीवर वापरत होतो. ती माझ्याकडे पाहायची आणि ताटात भाजी वाढायची.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा हृदयाच्या दुखण्याने मला मुदतीआधी निवृत्त व्हावं लागलं. रोममध्ये राहायची सोय होती. मी नको म्हणालो आणि गावी आलो. बोर्डिंगच्या मागची एक खोली मला मिळाली. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या देशातल्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं, की कर्नल वारला, घरी, अंथरुणात. कैदी तर केव्हाच सुटले होते. आता माझ्यावर कोणाचंही बंधन उरलं नव्हतं.

मार्था वर्षभराचे गहू वाळवून अंगणात पाखडत होती. मी तिच्याजवळ खाली बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

"मार्था, मास्तरचं सांगाचं हाय."

तिने सूप खाली ठेवलं.

मी सगळं सांगितलं. गाडी, कर्नल, चर्चचं बाजूचं दार, माझा शब्द. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंस म्हणून रागावेल. रागावली असती तर माझ्याजवळ उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांत ते मनात पुष्कळदा घोळवलेलं होतं.

ती म्हणाली, "म्हंजे त्याच वर्षी गेला तो."

"हो."

"दादा, मी रोज त्याच्यासाठी मांगत होती. झोपाच्या आधी. देवा, मास्तरले सुखरूप ठेव, त्याले घरी पोचव, म्हनून." ती गव्हाकडे पाहत होती. "जित्या मानसाची प्रार्थना येगळी असते, मेलेल्या मानसाची येगळी. हे तर तुले माह्यापेक्षा जास्त ठाऊक."

मी सांडलेले गहू मुठीत गोळा करू लागलो.

"त्याच्या आत्म्यासाठी कोनी मांगतलंच नाई एवढी वर्षं. मी मांगत होती त्याले सुखरूप ठेव म्हनून. अन् तो तर गेलता."

मी आयुष्यभर धर्मशास्त्र शिकलो, शिकवलं. देवाला काळवेळेचं बंधन नाही, चुकीच्या शब्दांतली प्रार्थनाही त्याच्यापर्यंत पोचते, हे मला तिला सांगता आलं असतं. मी सांगायला सुरुवातही केली. तिने हाताने थांबवलं. "असन," ती म्हणाली. "पन मले ठाऊक असतं तर मी बराबर मांगतलं असतं."

मी एकटा गुपित सांभाळतो आहे असं मला वाटत होतं. ते ओझं माझं आहे, आणि माझ्यापुरतं आहे. त्याने कर्नलचं घर वाचलं, कैदी वाचले, हे खरंच आहे, आणि पुन्हा तीच वेळ आली तरी मी तोच शब्द देईन. पण त्या मौनाने माझ्या बहिणीकडून काय घेतलं होतं हे मला त्या अंगणात बसेपर्यंत कळलं नव्हतं. तिला एका माणसासाठी दुःख करायचं होतं आणि ते मी तिला करू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशनच्या चर्चमध्ये मी मास्तरसाठी मृतांची मिस्सा केली. मी, मार्था, आणि दवाखान्यात औषधाला आलेल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना कोण वारलं ते ठाऊक नव्हतं. त्याचं खरं नाव मी वेदीवर मोठ्याने घेतलं. मार्थाने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. तिच्या जिभेला ते जमलं नाही. तिने पुन्हा म्हणून पाहिलं.

मिस्सा संपल्यावर आम्ही चर्चच्या पायरीवर बसलो. ऊन अजून कोवळं होतं. नागपूरकडे जाणारी एसटी रस्त्यावरून धूळ उडवत गेली.

"त्याले बायको होती ना?" तिने विचारलं.

"होती. दोन पोरीही होत्या. खोऱ्यातून निघून गेल्या म्हणतात. मी पुष्कळ शोध घेतला. पत्ता लागला नाई."

"तिले कोनी सांगतलं का, तो मेला म्हनून?"

मी गप्प बसलो. मार्थाने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गप्प बसण्याची इतक्या वर्षांची सवय असल्याने तिला वाटलं, मी पुन्हा काहीतरी झाकतो आहे.

"सांग ना दादा," ती म्हणाली.

"मले खरंच ठाऊक नाई," मी म्हणालो.